डिकोड सगळ्यात शेवटी

पोरी, स्क्रिप्ट बिघडली की तू मला मेलचा फोटो पाठवतेस. फोटोत मेल अगदी देखणा असतो. विषय मराठीत, पाठवणाऱ्याचं नाव मराठीत, वेळही बरोबर. आणि खाली तुझा प्रश्न: "काका, मेलमध्ये तर नीट हाये, मंग तक्त्यात असा कचरा काहून येते?" मेल-ॲपमध्ये दिसतं ते हेडर नसतं, बाई. ॲपने हेडर वाचून त्याचा लावलेला अर्थ असतो तो. तुझ्या स्क्रिप्टच्या पदरात पडतं ते निराळंच. ते बघायचं तर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाब, फाइल उतरवून घे आणि वर्डमध्ये न उघडता बाइट दाखवणाऱ्या साधनात उघड. लिनक्सवर एक्सएक्सडी नावाची कमांड आहे, तेवढी पुरते. बाइट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोडच्या ओळीला हात लावायचा नाही.

काम दिसायला सोपं आहे, मान्य. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे लोक खोलीची चौकशी मेलवर करतात. पेटी उघडायची, कोणी पाठवलं, कधी पाठवलं, विषय काय, एवढं काढून तक्त्यात भरायचं. पीएचपीत थोडक्या ओळींत होईल असं वाटतं आणि पहिल्या इंग्रजी मेलपुरतं होतंही. मग कोणी विषय मराठीत लिहितो, अहमदाबादहून कोणाचं नाव गुजरातीत येतं, हुबळीकडून कन्नडमध्ये, एखाद्या कार्यालयाचा मेल चार सर्व्हर फिरून येतो, आणि स्क्रिप्टची गाडी रुळावरून घसरते. अशा वेळी माणूस डिकोड करणारी फंक्शनं बदलत बसतो, ही नाही तर ती. मला एवढंच विचारायचं असतं: डिकोड कितव्या पायरीवर करतेस?

कारण हेडरचे बिघाड बहुतेक करून क्रमाचे असतात. आधी हेडर आणि मजकूर वेगळे करायचे. मग दुमडलेल्या ओळी सरळ करायच्या. मग प्रत्येक हेडर पहिल्या कोलनपाशी तोडायचा. मग त्या हेडरच्या व्याकरणाप्रमाणे त्याचे भाग पाडायचे, पत्ते असतील तर पत्ते, तारीख असेल तर तारीख. आणि डिकोड सगळ्यात शेवटी, एकेका भागाचं वेगवेगळं. तू आल्या आल्या अख्खं हेडर डिकोड करून मोकळी होतेस. तिथून पुढे जे होतं ते निस्तरायला कुठलंच फंक्शन पुरं पडत नाही.

पहिल्या पायरीवर फार वेळ घालवायला नको, पण एक खोड ठाऊक असू दे. मेलच्या नियमांत ओळ दोन बाइटांनी संपते, १३ आणि १०, म्हणजे कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड. तू लिनक्सच्या सवयीने लागोपाठ दोन लाइनफीड शोधतेस. मेलमध्ये मधे एक १३ येऊन बसलेला असतो, शोध फसतो, आणि सगळा मेल हेडर म्हणून वाचला जातो. उलटही होतं: सर्व्हरने फाइल डिस्कवर ठेवताना सगळे १३ काढून टाकलेले असतात. म्हणून आधी सगळे ओळशेवट एकाच रूपात आणायचे, मग पहिली रिकामी ओळ शोधायची. पहिलीच. फॉरवर्ड केलेल्या मेलच्या मजकुरात पुन्हा सब्जेक्ट, फ्रॉम अशा ओळी असतातच, त्या आपल्या नव्हेत. आणि दोन विषय पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात पण तुलना केली की वेगळे निघतात, तिथे शेवटी चिकटलेला १३ शोध. रेगेक्समधलं डॉलरचं चिन्ह लाइनफीडच्या अलीकडे थांबतं आणि तो १३ तुझ्या कंसात गुपचूप राहून जातो.

आता दुमड. लांब हेडर एका ओळीत मावत नाही. नियम सांगतो, ओळ ७८ अक्षरांत ठेवावी आणि ९९८च्या पुढे कधीच जाऊ देऊ नये. मग पाठवणारा ओळ मोडतो आणि पुढची ओळ मोकळ्या जागेने किंवा टॅबने सुरू करतो. ओळीच्या सुरुवातीला जागा दिसली की समजायचं, मागचंच पुढे चालू आहे. डेव्हिड क्रॉकर यांच्या १९८२च्या आरएफसी ८२२मध्ये हेच आहे आणि आज चालतो त्या २००८च्या आरएफसी ५३२२मध्येही हेच. जी स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते तिला सब्जेक्टची पहिलीच ओळ मिळते आणि बाकीचं हरवतं. सरळ करताना फक्त १३ आणि १० काढायचे, मागची जागा तशीच ठेवायची. काहीजण उत्साहाने ट्रिम लावतात आणि दोन शब्द एकमेकांना चिकटवून ठेवतात. टॅब राहिला तर राहू दे, तक्त्यात दाखवताना त्याची साधी जागा करून घे.

कोलन. एक्स्प्लोडला तिसरा आकडा दोन दे, म्हणजे तो पहिल्या कोलनपाशीच तोडेल. नाहीतर विषयातलं नुसतं 'आरई' उरतं, त्याच्या कोलनपुढचा सगळा विषय उडतो, आणि तारखेतल्या दहा वाजून पंधरा मिनिटांचे नुसते दहा उरतात. हेडरचं नाव लहान लिपीत असो की मोठ्या, एकच मानायचं. आणि नावाची किल्ली करून अरेमध्ये भरत असशील तर प्रत्येक किल्लीखाली यादी ठेव, एकच किंमत नको, कारण काही हेडर पुन्हापुन्हा येतात आणि नंतरचा आधीच्याला पुसून टाकतो.

त्यातला मुख्य रिसीव्ह्ड. मेल ज्या ज्या सर्व्हरवर थांबतो तो तो सर्व्हर आपली रिसीव्ह्ड ओळ सगळ्यात वर चिकटवतो. जुन्या पाकिटावर शिरपूर, वाशीम, अकोला असे टपालाचे शिक्के पडायचे तसंच हे, फक्त नवा शिक्का दर वेळी वरच्या बाजूला. म्हणून प्रवास वाचायचा तर खालून वर. ओळीतली वेळ शेवटच्या अर्धविरामानंतर असते. आणि भरवसा ठेवायचा तो वरच्या, आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लावलेल्या ओळींवर. खालच्या ओळी पाठवणाऱ्याने घरी बसून लिहिलेल्या असू शकतात. ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स या हेडरचंही तसंच, त्यात आपल्या सर्व्हरचं नाव असेल तरच ते धरायचं. आमच्या वेळी हे वाचायला फार काही लागत नव्हतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं तेव्हा स्वस्तातल्या खात्यावर काळा पडदा आणि अक्षरं एवढंच मिळायचं. पाइनमध्ये मेल वाचायचा, एच दाबून पूर्ण हेडर बघायचे. चित्रं नव्हती, त्यामुळे हेडर वाचायची सवय आपोआप लागली. तुमच्या पिढीला ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पत्त्यांच्या पायरीवर क्रम का महत्त्वाचा ते कळतं. टू किंवा सीसीमध्ये पाच पत्ते स्वल्पविरामांनी जोडलेले असतात, म्हणून तू स्वल्पविरामावर तोडतेस. पण पाठवणाऱ्याने आपलं नाव 'सरपंच, ग्रामपंचायत' असं ठेवलेलं असतं. रोमन लिपीत असेल तर ते अवतरणचिन्हांत येतं आणि त्यातला स्वल्पविराम तोडायचा नसतो. मराठीत असेल तर ते सांकेतिक रूपात येतं आणि त्यात स्वल्पविराम दिसतच नाही. तू आधी डिकोड केलंस की लपलेला स्वल्पविराम बाहेर पडतो, अवतरणचिन्हं तर कधी नव्हतीच, आणि एका सरपंचाची दोन माणसं होतात: एक नुसता सरपंच, बिनपत्त्याचा, आणि दुसरी ग्रामपंचायत, पत्त्यासकट. नावात कंस आला तर आणखी मजा, कारण पत्त्याच्या हेडरमध्ये कंसातला मजकूर शेरा धरला जातो. म्हणून आधी पत्ते सुटे कर, मग प्रत्येकाचं नाव डिकोड कर. हे तोडकाम हाताने करायचं नसतं. पायथनमध्ये गेटॲड्रेसेस आहे. पीएचपीत आयमॅप एक्स्टेन्शनची फंक्शनं होती, पण ८.४ आवृत्तीपासून ते एक्स्टेन्शन मूळ पीएचपीतून निघून पेकल या वेगळ्या साठ्यात गेलंय. जुना सर्व्हर बदलताना ते डोक्यात ठेव. पेकलमधलं मेलपार्सही चालतं.

आता मूळ दुखणं, देवनागरी. मेलचे हेडर जन्माला आले ते फक्त अमेरिकी रोमन अक्षरांसाठी. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२मध्ये माइम आणलं, आणि हेडरमध्ये इतर लिप्या कशा कोंबायच्या ते आज चालतं त्या रूपात कीथ मूर यांच्या नोव्हेंबर १९९६च्या आरएफसी २०४७ने ठरवलं. तुला कच्च्या फाइलमध्ये असं काही दिसतं: =?यूटीएफ-८?बी? मग अगम्य रोमन अक्षरं, शेवटी ?=. प्रश्नचिन्हांमधला पहिला भाग अक्षरसंच सांगतो, दुसरा बांधणी सांगतो, तिसरा मजकूर. बी म्हणजे बेस-६४, क्यू म्हणजे रोमनबाहेरचा प्रत्येक बाइट बरोबर-चिन्हानंतर दोन हेक्स अंकांत.

बेस-६४ डोळ्यांनी वाचता येत नाही असं सगळे म्हणतात. मराठी बेस-६४ थोडंफार वाचता येतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरं करतं. म्हणजे एका चिन्हाची नेमकी चार अक्षरं. 'श'चे बाइट ई० ए४ बी६, त्याचं बेस-६४ होतं ४केएस२. सगळी व्यंजनं, अनुस्वार, काना, पहिली वेलांटी यांची सुरुवात ४केएस अशी, आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पायमोडकं यांची ४केडब्ल्यू. 'शिरपूर' म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट, २४ अक्षरं, त्यांत सहा वेळा ४के. विषयात मोकळी जागा आली की ती एकाच बाइटची असल्याने ताल सरकतो, तीन जागांनंतर परत जागेवर येतो. पण पहिल्या शब्दावरून लिपी कळायला एवढं पुरतं. गुजराती असेल तर ४केनंतर लहान क्यू किंवा लहान यू येतो. कन्नड असेल तर सुरुवातच ४एलके किंवा ४एलओ. बाहेरगावच्या यात्रेकरूचा मेल तक्त्यात प्रश्नचिन्हं होऊन बसला तर कच्च्या फाइलवर नजर टाक: ४केक्यू दिसलं तर मेल धडधाकट आहे आणि दोष तुझ्या डेटाबेसच्या अक्षरसंचात आहे. मायएसक्यूएलमध्ये तक्ता यूटीएफ८एमबी४ आहे का, आणि जोडणीही त्याच संचात उघडतेस का, दोन्ही तपास. पुष्कळजण तक्ता बदलतात आणि जोडणी विसरतात.

पुढची गोष्ट हातात कागद घेऊन वाच. =? पासून ?= पर्यंतचा एक सांकेतिक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि तो ज्या ओळीत आहे ती ७६च्या पुढे जाऊ नये असा नियम आहे. पहिल्या ओळीत सब्जेक्ट हा शब्द, कोलन आणि जागा मिळून नऊ अक्षरं गेली. तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या खुणा आणि नावं बारा अक्षरं खातात. उरली ५५, आणि चारच्या पटीत धरली तर ५२, म्हणजे ३९ बाइट. देवनागरीची तेरा चिन्हं! आता आपल्या मेलांमध्ये सगळ्यात जास्त येणारा विषय घे: 'अंतरिक्ष पार्श्वनाथ'. अ, अनुस्वार, त, र, वेलांटी, क, पायमोडकं, ष ही आठ, मग जागा, मग प, काना, र, पायमोडकं, श, पायमोडकं, व, न, काना, थ ही दहा. एकूण ५५ बाइट. पहिल्या तुकड्यात मावतच नाही. शहाणा पाठवणारा 'अंतरिक्ष पार्' इथे, ३७ बाइटांवर थांबतो आणि 'श्वनाथ' पुढच्या ओळीत, दुसऱ्या तुकड्यात टाकतो.

दोन तुकड्यांमध्ये ओळ दुमडायला जागा टाकलेली असते. ती जागा विषयाची नव्हे. लागून आलेल्या दोन सांकेतिक तुकड्यांमधली जागा डिकोड करताना टाकून द्यायची असते. तू एकेक तुकडा रेगेक्सने शोधून जागच्या जागी बदलतेस, मधली जागा तशीच राहते, आणि तक्त्यात 'पार् श्वनाथ' येतं. शब्दाच्या पोटात अकारण जागा दिसली की हाच दोष, दुसरीकडे शोधायला जाऊ नकोस. मात्र सांकेतिक तुकडा आणि साधा रोमन शब्द यांच्यामधली जागा खरी असते, ती ठेवायची. दोन्हीकडे सारखंच वागणारी स्क्रिप्ट एकीकडे तरी चुकतेच.

आळशी पाठवणाऱ्याची तऱ्हा वेगळी. तो चिन्हं मोजत नाही, बाइट मोजतो. ३९ बाइट झाले की कात्री. ३७ बाइट 'पार्'पर्यंत, उरलेले दोन 'श'चे: ई० आणि ए४. तिसरा, बी६, दुसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी. नियमाने हे चालत नाही, एक चिन्ह दोन तुकड्यांत फोडायला मनाई आहे, पण सगळे पाठवणारे नियम कुठे पाळतात. प्रत्येक तुकडा वेगळा डिकोड करून लगेच अक्षरांत बदललास तर 'श'च्या जागी काळे चौकोन नाहीतर चौकटीतली प्रश्नचिन्हं येतात, आणि त्यांना लागून पायमोडकं, मग 'वनाथ'. उपाय असा: लागोपाठच्या तुकड्यांचा अक्षरसंच आणि बांधणी एकच असेल तर प्रत्येकाचे आधी नुसते बाइट काढ, ते बाइट सलग जोड, आणि अक्षरांत रूपांतर एकदाच, शेवटी. बेस-६४चा मजकूरच जोडून मग उलगडू नकोस. मधल्या तुकड्याच्या शेवटी भरतीचं बरोबर-चिन्ह असलं तर गोंधळ होतो. म्हणजे डिकोडच्या पोटातही क्रम आहे.

क्यू बांधणीत आणखी एक बारीक खोच. तिथे खालची रेघ म्हणजे मोकळी जागा. पीएचपीचं एमबी_डिकोड_माइमहेडर ८.३ आवृत्तीच्या आधी ती रेघ तशीच ठेवायचं, म्हणून जुन्या सर्व्हरवर सगळे विषय रेघांनी जोडलेले दिसतात. तू स्ट्रिंग-रिप्लेस लावून सगळ्या रेघा काढशील तर फाइलच्या नावांतल्या खऱ्या रेघाही जातील. आयकॉन्व्ह_माइम_डिकोड वापर, पण त्याला 'कंटिन्यू ऑन एरर'चा पर्याय दे. नाहीतर एका वाकड्या हेडरपायी ते फॉल्स देऊन हात वर करतं. पायथनमध्ये लिहायचं ठरवलंस तर ईमेल मॉड्यूलला पॉलिसी डिफॉल्ट सांग. न सांगता चालवलंस तर ते जुन्या पद्धतीने कच्चंच हेडर हातात ठेवतं.

अक्षरसंचाच्या लेबलावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. लेबल म्हणतं यूएस-आस्की आणि आत देवनागरी असते. काही पाठवणारे तर तुकडा वगैरे काही न करता थेट यूटीएफ-८ हेडरमध्ये ओततात. बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध आहेत का ते एमबी_चेक_एन्कोडिंगने तपास. मराठीची दोन-चार अक्षरंही योगायोगाने वैध यूटीएफ-८ होणं जवळजवळ अशक्य, तेव्हा वैध निघाले तर लेबल काहीही म्हणो, यूटीएफ-८ धर. पडद्यावर डोक्याला तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चलनाची गोल खूण किंवा जपानी येनचं चिन्ह, असं ओळीनं दिसलं तर तेही आपलं मराठीच: ई०, ए४ आणि ए५ हे बाइट लॅटिन-१ समजून वाचले गेलेत.

पण एखाद्या जुन्या संगणकावरून साध्या रोमन अक्षरांचा निरर्थक विषय येतो, कुठलाही तुकडा नाही, कुठलंही लेबल नाही, तेव्हा थांब. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेलं ते असतं, कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या घराण्यातलं. ते अक्षर फॉन्टच्या डोळ्यांनीच दिसतं, हेडरमध्ये त्याचा पुरावा नसतो. अशा मेलला वेगळ्या रकान्यात टाक आणि माणसाला वाचू दे. त्याला ओळखायची युक्ती शोधण्यात रात्री घालवणारे मी पाहिलेत.

विषय नीट आला तरी शोध फसू शकतो. 'वऱ्हाड' हा आपलाच शब्द घे. कोणी तो थेट 'ऱ'च्या चिन्हाने टाइप करतो, कोणी र आणि त्याखाली नुक्ता देऊन, कोणी र, पायमोडकं आणि न दिसणारा जोडक घालून. तिन्ही पडद्यावर सारखेच, बाइट तीन तऱ्हेचे. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही. त्याची समजूत तुलाच वेगळी घालावी लागेल. डिकोड झालं की लगेच हे करून ठेव, तक्त्यात शिरण्याआधी.

तारखेबद्दल थोडक्यात. शून्य पाच तीन शून्य हा अधिक चिन्हाचा आकडा घे आणि कंसातलं आयएसटी सोडून दे. ते नाव भारतालाही लागू, इस्राएललाही, आयर्लंडलाही. आणि डेटचा हेडर पाठवणाऱ्याच्या घड्याळाचा असतो, त्याचा मोबाइल दोन दिवस मागे असेल तर मेलही. खोली आधी कोणी मागितली याचा निवाडा आपल्या सर्व्हरच्या वेळेवर कर.

पोहोच पाठवायची सोय करशील तेव्हा सावध राहा. डिकोड केलेल्या विषयात १३ आणि १० लपलेले असू शकतात, बेस-६४मध्ये ते कोणाला दिसत नाहीत. तो विषय तू जसाच्या तसा मेल फंक्शनच्या हेडरमध्ये घातलास की पाठवणाऱ्याने तुझ्या मेलमध्ये आपली बीसीसी ओळ घुसवली समज, आणि तुझ्या सर्व्हरवरून शेकडो लोकांना जाहिराती जातील. डिकोडनंतर हे दोन बाइट आणि बाकीची नियंत्रक अक्षरं काढून टाकायचीच. पडद्यावर दाखवताना एचटीएमएल एस्केपही करायचं, त्याला सूट नाही. आणि ज्या मेलमध्ये ऑटो-सबमिटेड हेडर 'नो' सोडून काहीही सांगतो, किंवा रिटर्न-पाथ रिकामा आहे, त्याला पोहोच पाठवायची नाही. समोरही यंत्रच असेल तर दोन यंत्रं एकमेकांना रात्रभर धन्यवाद देत बसतात.

आपल्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही. स्क्रिप्ट अर्ध्यात मेली तर मेल 'वाचलेला' म्हणून खुणावला जाऊ नये यासाठी हेडर आणताना पीकचा पर्याय दे, आणि तक्त्यात नोंद पक्की झाल्यावरच खूण कर. दुसऱ्यांदा चालली तर तीच चौकशी दोनदा शिरू नये म्हणून मेसेज-आयडी ही अनन्य किल्ली ठेव. एखाद्या मेलला मेसेज-आयडी नसतोच, तेव्हा कच्च्या हेडरचा हॅश काढून तो वापर. कच्चा हेडर म्हणजे डिकोड करण्याआधीचा, हे आता वेगळं सांगायला नको.

बिघडवणारा प्रत्येक मेल कच्च्या रूपात एका फोल्डरमध्ये जमव, आणि कोड बदललास की सगळ्यांवर चालवून बघ. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर त्यातून आधी बदलून टाक. नाव बदलताना मात्र लांबी आणि तुकड्यांच्या जागा तशाच राहू देत, नाहीतर बिघाडच निघून जाईल आणि तू म्हणशील, माझ्याकडे तर चालते. त्या फोल्डरमध्ये एक मेल मुद्दाम देवनागरी पत्त्याचाही ठेव. डॉट भारत डोमेन ऑगस्ट २०१४पासून देवनागरीत मिळतं, आणि त्याआधीच २०१२मध्ये आरएफसी ६५३१ने पत्त्याचा ॲटच्या अलीकडचा भागही रोमनबाहेर नेला. तुझी पत्ता तपासणारी ओळ अजून ए ते झेडच मानते. डोमेन कधी देवनागरीत दिसेल, कधी एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात. दोन्ही एकच पत्ता. तुलना करायची तर आयडीएन_टू_आस्कीने दोन्ही रोमन रूपात आण, दाखवायचा तर देवनागरीत दाखव. ॲटच्या अलीकडच्या भागाला मात्र ते फंक्शन लावू नकोस, तो जसा आला तसाच ठेवायचा असतो.